लायोलचा घडीचा चाकू: वीस हजार मोजल्यावर फट का चालवून घ्यायची?

बाबांच्या साठीला मी लायोल मागवला, म्हणजे फ्रान्समधला तो मधमाशीवाला घडीचा चाकू, ज्युनिपर लाकडाच्या मुठीचा, आणि कुरियर, कस्टम्स, जीएसटी सगळं धरून तो वीस हजारांच्या वर गेला. पहिला जो पीस आला त्याची फिटिंग वीस हजारांची नव्हती, मी तर म्हणेन दोन हजारांचीही नव्हती. भांडून बदलून घेतला, आणि दुसरा आलाय तो खरंच सुरेख आहे, त्यामुळे मी काही या चाकूला नावं ठेवायला बसलेली नाही. दुकानाचं आणि कार्यशाळेचं नाव लिहीत नाही कारण शेवटी त्यांनी बदलून दिला आणि विषय मिटला. पण मधे जे झालं ते लिहायलाच हवं, कारण एवढे पैसे टाकून असा चाकू मागवणारे पुण्यात आता बरेच लोक दिसतात आणि बहुतेक जण तो आला की मधमाशी बघतात, डबा बघतात, फोटो काढतात आणि ठेवून देतात.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लायोल हे दक्षिण फ्रान्समधल्या आव्हेरों भागातलं छोटं गाव, ओब्राकच्या पठारावरचं, गुरं राखणाऱ्यांचा मुलूख. १८२९ च्या सुमाराला पिएर-झाँ काल्मेल्स याने तिथे हा चाकू पहिल्यांदा केला असं सांगतात. काही मॉडेलमध्ये पात्याबरोबर एक जाड आरी असते, ती गुरांचं पोट फुगलं की टोचून वायू सोडायला वापरायचे, आणि बूच काढायचा स्क्रू आला तो १८८० च्या आसपास, कारण तिकडची माणसं पॅरिसला कॅफेत कामाला जायला लागली होती. आम्ही घेतला तो साधा, एकच पातं असलेला. पातं साधारण १० सेंटिमीटर, मिटल्यावर मूठ १२ सेंटिमीटर.

आता सगळ्यात मोठा घोळ म्हणजे हे नाव. लायोल हा कुठल्या एका चाकू कंपनीचा ब्रँड नाहीये. कोल्हापुरी चपलेवर कोल्हापुरी लिहिलं म्हणजे ती कोल्हापुरातच झाली असं आपण धरत नाही ना, तसंच हे. १९९३ मध्ये एका उद्योजकाने हे नाव कितीतरी वेगवेगळ्या वस्तूंसाठी ट्रेडमार्क करून घेतलं, गाव कोर्टकचेऱ्या करत बसलं आणि २०१२ मध्ये गावकऱ्यांनी निषेध म्हणून गावाच्या नावाची पाटीच उतरवली होती. चीनमध्ये, पाकिस्तानात बनलेल्या चाकूंवरसुद्धा लायोल असतं आणि मधमाशी असते. खुद्द फ्रान्समध्येही बरेचसे लायोल पूर्वीपासून तिएर नावाच्या चाकूंच्या गावात बनतात, त्यात वाईट काहीच नाही, तिएरचे कारागीर पिढ्यानपिढ्या तेच काम करतायत. लायोल गावात तर हा धंदा जवळजवळ बंदच पडला होता, १९८७ मध्ये फोर्ज द लायोल ही चाकूंची कार्यशाळा सुरू झाली तेव्हा तो परत उभा राहिला, तिची इमारत फिलिप स्टार्कने डिझाइन केलीय, छतातून आभाळात घुसलेलं प्रचंड मोठं पातं आहे तिला. (आमचा चाकू त्यांचा नाही, हे आधीच सांगून ठेवते.) मुद्दा काय तर पात्यावर नुसतं लायोल कोरलंय एवढ्यावर पैसे देऊ नका, कोणत्या कार्यशाळेने, कुठे बनवलाय ते लेखी विचारा. तसंच मधमाशी नेपोलियनने गावाला बहाल केली वगैरे दुकानदार सांगतात ती दंतकथा आहे, त्या कथेचे पैसे देऊ नका. मधमाशीत बघायचं काय तर ती स्प्रिंगच्याच लोखंडातून काढलीय का वेगळी करून वर जोडलीय. जोडलेली असेल तर बुडाशी बारीक रेघ दिसते. जोडलेली म्हणजे वाईट असं नाही, पण ती स्वस्त पडते, मग किंमतही त्या हिशोबाने हवी.

बाबांनी अख्खी नोकरी पिंपरीच्या एका कंपनीत टूलरूममध्ये केली. त्यांच्या खिशात मी लहानपणापासून एक घडीचा चाकू बघत आलेय, पेरू कापायला, सुतळी कापायला, पेन्सिलीला टोक करायला. म्हणून तर त्यांना हा द्यायचं ठरवलं. डबा उघडला, चाकू हातात घेतला, छान आहे म्हणाले, मनापासून म्हणाले, आणि मग उठून ट्यूबलाइटखाली गेले. मिटलेला चाकू डोळ्यांसमोर धरला आणि मला म्हणाले, इकडून बघ. मुठीच्या पाठीला जी स्टीलची स्प्रिंग असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना ज्या पितळी पट्ट्या असतात, त्यांच्यामधून उजेड आरपार दिसत होता. एका बाजूने अगदी मुठीच्या मध्यापासून टोकापर्यंत. त्यांनी त्यांचं जुनं फिलर गेज आणलं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा, त्यातली ०.१५ मिलिमीटरची पट्टी आरामात आत गेली. टूलरूममधून असा जॉब मी बाहेर सोडला नसता, एवढंच बोलले.

कोणी म्हणेल ०.१५ मिलिमीटर म्हणजे काय मोठं, डोळ्याला दिसतही नाही. पण या चाकूचं सगळं कामच त्या स्प्रिंगवर चालतं. यात लॉक नसतो, खटका नसतो, पातं उघडं राहतं आणि मिटलेलं राहतं ते फक्त त्या स्प्रिंगच्या दाबाने. तिथे फट असली की आंब्याचा रस, लिंबाचा रस आत उतरतो, तो बाहेरून पुसता येत नाही, आतल्या आत गंज धरतो, आणि मे महिन्यात आपल्याकडे मुंग्या लागतात ते वेगळंच. शिवाय हे रिवेट ठोकून पक्कं केलेलं असतं, स्क्रू नसतात, त्यामुळे घरी उघडून काही करता येत नाही. म्हणजे कारखान्यातून फट घेऊन आला तर ती जन्मभराची.

मग आम्ही बाकीचंही बघितलं. मिटल्यावर पातं दोन पितळी पट्ट्यांच्या बरोबर मधे बसायला पाहिजे, आमचं डावीकडे झुकून पट्टीला घासत होतं आणि नव्याकोऱ्या पात्यावर त्या घासण्याचा ओरखडा आधीच उठला होता. पूर्ण उघडून टोक दोन बोटांत धरून डावीउजवीकडे हलवलं तर बारीकसा प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागत होता. स्प्रिंगची पाठ पितळी पट्ट्यांशी एका पातळीत पाहिजे, आणि ही तपासणी चाकू उघडा असताना एकदा आणि मिटलेला असताना एकदा अशी दोनदा करायची असते, बरेच जण एकदाच करतात. आमचा मिटल्यावर बरोबर होता, उघडल्यावर स्प्रिंग वर यायची, नखाला सरळ लागायची.

आणि सगळ्यात गंभीर म्हणजे धार आत आपटत होती. हे जरा सविस्तर सांगते कारण याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. अशा चाकूत पात्याच्या बुडाशी, जिथे धार संपते तिथे, एक छोटा उंचवटा ठेवतात. मिटल्यावर तो उंचवटा स्प्रिंगवर टेकतो आणि धार आत अधांतरी राहते. उंचवटा कमी ठेवला किंवा धार लावताना तो घासला गेला तर पात्याचा पोटाचा भाग थेट स्प्रिंगवर जाऊन बसतो, आणि दरवेळी मिटताना तिथली धार चेपत जाते. चांगले कारागीर स्वतःच सांगतात की लायोल खट् करून मिटू नका, पातं बोटांनी धरून हळू आत न्या, आणि ते बरोबरच आहे, जोरात मिटला तर चांगल्या चाकूचंही पातं जरा जास्त आत जातं. पण हळू मिटूनही आपटत असेल तर तो सरळ दोष आहे, वापरणाऱ्याच्या सवयीचा प्रश्नच नाही. बघायचं कसं तर बटर पेपरची पातळ पट्टी आत ठेवून चाकू हळू मिटायचा, पट्टी कापली गेली किंवा तिच्यावर धारेचा वळ उठला तर धार टेकतेय. आमची पट्टी कापली गेली. मग दिव्याखाली धार वरून बघितली तर मधेच एक चमकणारा ठिपका, म्हणजे तिथे धार चपटी झालेली. बरोबर त्याच ठिकाणी टोमॅटोची साल कापली जात नव्हती.

लाकडाबद्दल आमची तक्रार नव्हती. आमच्या घरात गाईचं शिंग चाललं नसतं, आणि या चाकूंना शिंगाच्या नाहीतर हाडाच्या मुठी खूप असतात, तेव्हा ज्यांना नको असेल त्यांनी ऑर्डर करतानाच स्पष्ट लिहा. ज्युनिपर छान निघालं, वासही मस्त येतो, पेन्सिलीचं लाकूडही याच कुळातलं. स्टील आम्ही १२सी२७ घेतलं, स्वीडिश स्टेनलेस, साधारण ०.६ टक्के कार्बन आणि १३.५ टक्के क्रोमियम. कार्बन स्टीलची धार लावायला सोपी असते हे खरं, पण आपल्याकडे कैरी, लिंबू, चिंच रोजची, आणि वर पुण्याचा जुलै-ऑगस्ट, त्यात ओला राहिला तर सकाळपर्यंत गंज येतो. ज्यांना पात्यावर चढणारा तो राखाडी रंग आवडतो आणि जे दरवेळी पुसतात त्यांनी कार्बन जरूर घ्यावा. दमास्कस म्हणून जे थराथरांचं नक्षीदार पोलाद विकतात त्याच्या मात्र फार मागे लागू नका, आणि घ्यायचाच असेल तर पात्याची पाठ बघा, नक्षी पाठीवरूनही वळून गेली पाहिजे, नाहीतर ती नुसती वरून उठवलेली असते.

दुकानाला मेल केला. पहिलं उत्तर आलं की हा हातानं बनवलेला चाकू आहे, प्रत्येक पीस वेगळा असतो, थोडंफार असं असणारच, हेच त्याचं सौंदर्य. या उत्तराचा मला खरंच राग आला, अजूनही येतो. हातकामाबद्दल मला मनापासून आदर आहे. तांबट आळीत मी लहानपणापासून जाते, तिथे तांब्याच्या भांड्यावर मठारकाम करतात, एकेक ठोका हाताने मारलेला, कुठलेही दोन ठोके सारखे नसतात आणि तेच बघायला लोक लांबून येतात. पण तिथला कुठलाही कारागीर गळका हंडा देऊन हे हातकाम आहे असं म्हणणार नाही. चाकूचंही तसंच बघितलं पाहिजे. स्प्रिंगच्या पाठीवर कानशीने जी नक्षी कोरतात त्यात एखादी खाच जरा खोल, एखादी उथळ, हे आमच्या दोन्ही पीसमध्ये होतं आणि मला ते आवडतं. मुठीवर बारीक पिनांनी केलेला मेंढपाळांचा क्रॉस असतो, त्यातली एखादी पिन केसभर इकडेतिकडे, काही बिघडत नाही. त्या माणसाचा हात तिथे दिसतो. पण धार आत आपटणं, पातं घासणं, स्प्रिंगला फट असणं, यात कोणाचा हात दिसत नाही, यात दिसतं ते एवढंच की शेवटी कोणीतरी तपासायला हवं होतं आणि तपासलं नाही. उलट हाताने बनवतात म्हणूनच तर तो माणूस पिन ठोकायच्या आधी थांबून बघू शकतो, परत कानस मारू शकतो, त्या थांबण्याचेच तर आपण वीस हजार देतो! हातकामाच्या नावाखाली असा माल खपवला तर जे खरोखर चार तास एका फिटिंगवर घालवतात त्यांचा अपमान होतो, असं माझं ठाम मत आहे, मग तो तिएरचा कारागीर असो नाहीतर कसबा पेठेतला.

दुसऱ्या मेलमध्ये मी विशेषणं सगळी काढून टाकली. फिलर गेज आत गेलेलं दिसतंय असा फोटो, मागून टॉर्च लावून काढलेला फोटो, पट्टी कापली जातेय तो व्हिडिओ, ओरखड्याचा क्लोजअप, आणि खाली एवढंच की मला पैसे परत नकोत, याच किमतीचा बरोबर फिटिंगचा चाकू हवाय, आणि पाठवायच्या आधी त्याचे हेच फोटो हवेत. यावर उत्तर देणारी व्यक्ती वेगळी होती, बहुधा कार्यशाळेतलीच, आणि तिने लगेच मान्य केलं. परत पाठवायचं कुरियर मला भरावं लागलं, नवीन पाठवायचं त्यांनी भरलं. कस्टम्सचे पैसे गेले ते गेले, ते परत मिळवायच्या भानगडीत मी पडले नाही, त्याचे कागद गोळा करण्यातच माणूस थकतो. बाहेरून मागवणाऱ्यांनी हा खर्च धरूनच बजेट करा, चाकूत खोट निघाली तर ड्युटी आपल्याच माथी.

दुसरा पीस बाबांनी परत ट्यूबलाइटखाली नेला. कुठूनही उजेड नाही. ०.०५ ची पट्टी, म्हणजे त्यांच्या गेजमधली सगळ्यात पातळ, तीही जाईना. पातं बरोबर मधे. उघडताना स्प्रिंगचा दाब एकसारखा लागतो, शेवटी जो खट् आवाज येतो तो भरीव आहे, पहिल्याचा पोकळ यायचा. लाकूड आणि धातूचा जोड नखाला कळत नाही. धार दोन्ही बाजूंनी अगदी सारखी नाहीये, उजवीकडे जरा रुंद लागलीय, पण ती दोनतीनदा दगडावर गेली की सारखी होईल. बाबांनी वरच्या नक्षीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, हा ज्याने केलाय त्याला काम येतं. त्यांच्याकडून याच्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मी कधी ऐकलेलं नाही.

पुण्याच्या हवेचं थोडं. एप्रिल-मे मध्ये इथे हवा एवढी कोरडी होते की लाकूड आकसतं आणि जुलैत फुगतं, त्यामुळे जोडाच्या ठिकाणी थोडाफार उंचसखलपणा वर्षभरात येऊन जाईल, तो दोष धरू नका, केसाएवढी चीर पिनेपाशी दिसली तर मात्र फोटो काढून लगेच कळवा. सांध्यात खोबरेल तेल घालू नका, ते चिकट होतं, शिलाई मशीनचं तेल एक थेंब पुरतो, आणि खायचं कापायच्या आधी पुसून घ्यायचं. चामड्याच्या म्यानात पावसाळ्यात ठेवू नका, चामडं ओल धरतं, त्याला बुरशी येते आणि आत पात्यावर डाग पडतात, म्यान वेगळं आणि चाकू सुती फडक्यात. आणि दारावर सायकलला चाक लावून धारवाले येतात त्यांना हा देऊ नका, ते विळी-कात्रीला ठीक आहेत, पण पातळ पातं त्या कोरड्या चाकावर क्षणात तापतं, कड निळी पडली म्हणजे तिथलं तापमान ३०० अंशांच्या आसपास गेलं आणि तिथला पोलादाचा कडकपणा उतरला, तो परत येत नाही. बोहरी आळीत पाण्याचे दगड मिळतात, बारीक दाण्याचा एक घ्या आणि सावकाश स्वतः लावा.

कायद्याचं बरेच जण विचारतात कारण पुण्यात कोयत्याच्या बातम्या वाचून घरचे घाबरलेले असतात. शस्त्र नियमांमध्ये परवाना लागतो तो ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांना, घरगुती, शेतीच्या वगैरे कामासाठीची सोडून, लायोलचं पातं ४ इंचांच्या आसपास, तेव्हा घरी ठेवायला काही अडचण नाही. पण शहरात पोलीस अधूनमधून महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढतात, त्या काळात खिशात घालून गणपतीच्या गर्दीत नाहीतर मोर्चाच्या वेळी हिंडू नका. सिंहगडाला, राजगडाला जाताना सॅकमध्ये तळाशी. विमानात केबिन बॅगेत अजिबात नाही, चेक-इनमध्येच.

वीस हजार द्यायचे नसतील तर ओपिनेल ८ नंबर हा दुसरा फ्रेंच घडीचा चाकू आहे, पातं साडेआठ सेंटिमीटर, खूप कमी पैशात, आणि त्याला १९५५ पासून ती फिरवून लॉक करायची रिंगही असते. त्याचं लाकूड दमट हवेत फुगून सांधा घट्ट होतो, मग मुठीचं टोक टेबलावर ठोकून पातं बाहेर काढतात, सावोय भागातले लोक तसंच करतात. फळं कापायला तो लायोलच्या तोडीस तोड आहे, हे मी प्रामाणिकपणे सांगते. लायोलचे जास्तीचे पैसे आपण फिटिंगचे, कोरीवकामाचे आणि हातातल्या त्या घट्ट, नेमक्या बसलेपणाचे देतो, म्हणूनच फिटिंग नसेल तर पैसे द्यायला काही कारणच उरत नाही.

तेव्हा पुण्यात बसून बाहेरून मागवणार असाल तर पैसे भरायच्या आधी दुकानाला लिहा की तुम्ही जो पीस मला पाठवणार आहात त्याचेच फोटो हवेत, कॅटलॉगचे नकोत: मिटलेला असताना पातं मधे दिसतंय असा एक, मागे उजेड धरून स्प्रिंगचा एक, उघडा आणि मिटलेला असताना स्प्रिंगची पाठ, आणि धार वरून. चांगल्या कारागिराला हे फोटो काढायला पाच मिनिटं लागतात आणि तो आनंदाने काढतो, आमच्या दुसऱ्या पीसच्या वेळी न मागता दोन जास्तीचे आले. जो टाळाटाळ करेल त्याच्याकडून घेऊ नका.